चौदा पानं

"किती पानं?" रंगरावांनी वही उघडत विचारलं.

"चौदा."

"चौदाशे? वहिनी, आमचा हॉल सातशेचा. दोन पंगती कराव्या लागतील."

"चौदाशे नाही हो. चौदा. दहा आणि चार," वासंतीबाई म्हणाल्या.

रंगरावांनी वही मिटली. मंगल कार्यालय सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. चौदा माणसांसाठी स्वयंपाकघर भाड्याने मागणारं गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच समोर उभं होतं.

"कार्य कसलं आहे?"

"कार्य कसलं? डबे आहेत. घरचा ओटा फोडताहेत, महिनाभर तरी चालेल म्हणे."

सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या ओट्यावर वासंतीबाई एकोणीस वर्षं डबे करत होत्या. शिकायला आलेली मुलं, एकटी राहणारी म्हातारी माणसं, नवरा-बायको दोघंही नोकरीवर जाणारं एखादं घर. कधी अकरा, कधी सतरा, सध्या चौदा. सकाळी साडेअकराला डबे भरून झाले की शरच्चंद्र, म्हणजे त्यांचे निवृत्त यजमान, स्कूटरवरून ते पोचवायचे आणि आदल्या दिवशीचे रिकामे घेऊन यायचे.

ओटा फोडायचं ठरवलं आमोदने. हिंजवडीच्या कंपनीत त्याला बढती मिळाली आणि आईला मॉड्युलर किचन द्यायचं त्याच्या मनाने घेतलं. मुलगा गुणी होता, यात शंका नाही. आईचे गुडघे त्याला दिसत होते. "आई, महिनाभर डबे बंद ठेव. नंतर बघू," तो म्हणाला.

'नंतर बघू' काय असतं ते वासंतीबाईंना चांगलं ठाऊक होतं. शरच्चंद्रांची वाजवायची पेटी 'नंतर बघू' म्हणतच माळ्यावर गेली होती. आता तिच्यावर गणपतीचं मखर ठेवलेलं असे.

मग स्पृहा नावाची डिझायनर मुलगी लॅपटॉप घेऊन आली. चित्र खरंच देखणं होतं. चिमणी होती, मायक्रोवेव्ह होता, काचेच्या पेल्यांना दिव्यांचं कपाट होतं.

"आणि डबे कुठे ठेवायचे?" वासंतीबाईंनी विचारलं.

"काकू, ते तर बंद होणारेत ना? आमोद म्हणाला, फक्त फॅमिलीसाठी प्लॅन कर."

वासंतीबाईंना आधी राग आला आणि मग फार वाईट वाटलं. घरात त्या आई होत्या, बायको होत्या. पण बाहेर चौदा दारांमागे माणसं साडेबाराला घड्याळाकडे बघत, ती त्यांच्या हाताच्या चवीसाठी. ते सगळं एका चित्रात पुसलं गेलं होतं, तेही इतक्या प्रेमाने, की भांडायची सोय उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाहेरची साडी नेसून भाड्याचं स्वयंपाकघर शोधायला निघाल्या.

पहिलं धायरीला सापडलं, आमोदच्या मित्राने गुंतवणूक म्हणून घेतलेल्या फ्लॅटमधलं. कोरं करकरीत होतं. पण मित्राची बायको म्हणाली, "काकू, फोडणी नका हं करू. टाइल्स खराब होतात." फोडणीशिवाय महिना काढायचा तर हॉस्पिटल काय वाईट, असं मनात म्हणत वासंतीबाई बसने परत आल्या.

दुसरं पेठेतच, जयसिंगच्या मेसचं. तो उदार होता. "भाडंबिडं काही नको, काकू. फक्त आमच्या साठ पोरांच्या पोळ्या तेवढ्या लाटा," म्हणाला. वासंतीबाईंनी त्याला उदंड आयुष्य चिंतलं आणि काढता पाय घेतला.

तिसरं हे कार्यालय. आषाढात मुहूर्त नाहीत आणि श्रावणातल्या मंगळागौरी महिनाभर दूर.

"तोवर इथे मी, वैजनाथ आचारी आणि उंदीर. घ्या तुम्ही," रंगराव म्हणाले. "भाड्याचं पुढे बघू. चौदा पानांचा दर आमच्याकडे छापलेला नाही."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. घरून आणलेली भांडी पोत्यात बांधलेली, म्हणून वासंतीबाईंनी तिथलं सर्वांत लहान पातेलं घेतलं. नेहमीएवढे तांदूळ घातले तर ते तळाला सांडल्यासारखे दिसले. एकोणीस वर्षं त्यांचा अंदाज डोळ्यांत होता, मापात नव्हता. डोळ्यांना पटेना म्हणून आणखी दोन वाट्या घातल्या, मग आणखी चार. भात वर आला तेव्हा पन्नास माणसं जेवली असती.

वैजनाथ दारात उकिडवा बसून बघत होता. "ताई, काय करायलात? हे भांडं लबाड आहे. माझ्यासारख्याला फसवलंय यानं," तो म्हणाला आणि उठून परात धुवायला लागला. दोघांनी मिळून भात उपसला. त्या संध्याकाळी कार्यालयाच्या रखवालदारापासून शेजारच्या वाण्यापर्यंत सगळ्यांनी फोडणीचा भात खाल्ला.

डबे मात्र तासभर उशिरा गेले. दुसऱ्या दिवशी श्यामलाबाई या निवृत्त शिक्षिकेच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी निघाली : 'कालचे जेवण लग्नासारखे होते. उत्तम आणि उशिरा.' वासंतीबाई एकट्याच खूप हसल्या. रागवायला का होईना, कोणीतरी वाट बघत होतं.

तिसऱ्या शनिवारी स्कूटर चालू होईना. शरच्चंद्रांनी आमोदला फोन केला, "गाडी घेऊन ये. डबे पोचवायचेत." आमोद आला, पेठेतल्या गल्ल्यांत गाडी घालून दोनदा अडकला आणि शेवटी लांब उभी करून चालतच हिंडला.

श्यामलाबाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"वासंतीबाईंचा मुलगा का? डबे बंद होणार असं ऐकलं."

"हो, म्हणजे... आईचे गुडघे दुखतात."

"माझेही दुखतात. म्हणून मी शिकवण्या बंद केल्या. करायला नको होत्या. तुम्ही तिला विचारलंत?"

आमोदने डबा पुढे केला आणि रिकामा घेतला. पुढच्या दारी त्याला पाणी मिळालं, त्याच्या पुढच्या दारी बेसनाचा लाडू. सगळीकडे त्याची ओळख एकच होती, आणि हिंजवडीतली बढती कोणी विचारली नाही.

दोन वाजता रिकामे डबे घेऊन तो कार्यालयात परतला. आई ओटा पुसत होती. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात ती त्याला लहान दिसायला हवी होती. तशी ती दिसली नाही. वैजनाथला ती उद्याच्या भाजीचं सांगत होती आणि तो मान डोलवत होता.

आमोदने डबे ओट्यावर मांडले.

"आई, हे एकावर एक राहतात का?"

"गरम असताना नाही. शेजारी शेजारी लागतात. का रे?"

तो अंगठा आणि करंगळी ताणून पहिल्या डब्यापासून मोजत गेला. मग त्याने फोन लावला. "स्पृहा, ड्रॉइंग चेंज करायचंय. खिडकीखाली एक लांब फळी पाहिजे. नऊ वीत... इंचांत किती ते तू बघ ना! आणि हाइट—"

"तुझ्या हाताने नको," वासंतीबाई म्हणाल्या. "रोज उचलायचे मला आहेत."

त्यांनी पदराला हात पुसले, पहिल्या डब्यापाशी गेल्या आणि आपली लहानशी वीत ओट्यावर टेकवली. एक. मग दोन. घाई नव्हती त्यांना.

फोनवर स्पृहा हॅलो हॅलो करत होती.

"थांब जरा," आमोद म्हणाला. "आई मोजतेय."