हेल्मेट वाजलं तर

उत्तमच्या मोटरसायकलला कुणी नावं ठेवली की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. आणि सरला तर त्याची बायको. तिनं नाही ठेवायची तर कुणी ठेवायची?

ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं आणि मागे बसलेल्या सरलाचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटायचं. ठक. आंग मो किओच्या फ्लॅटपासून सेरंगूनला, प्रबोध या मित्राच्या घरी रविवारच्या बुद्धवंदनेला पोचेपर्यंत तिचं डोकं भणभणायचं. शेवटी तिनं निक्षून सांगितलं, "अहो, जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत तुम्हाला कंपनीची बस नेते. बाकी ठिकाणी एमआरटीची ट्रेन आहे. पुन्हा हेल्मेट वाजलं, तर गाडी विकायची."

"विकायची कशाला? पुढच्या फोर्कमधलं, धक्के झेलणाऱ्या नळ्यांतलं तेल जुनं झालंय, बदलतो."

"मेकॅनिककडे द्या की."

झालं! रिफायनरीतले अजस्र पंप सांभाळणाऱ्या माणसानं दोन नळ्यांतल्या तेलासाठी मेकॅनिकचे पाय धरायचे? शनिवारी त्यानं फोर्कच्या दोन्ही नळ्या सोडवून हॉलमध्ये आणल्या, वर्तमानपत्रं अंथरली, काळंकुट्ट तेल आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात काढलं आणि नवं तेल सढळ हातानं भरलं. मॅन्युअल टीव्हीखाली धूळ खात पडलं होतं, ते तिथंच राहिलं.

रविवारी ब्रेक दाबला, तर नाक जागचं हललं नाही. उत्तमची कॉलर ताठ झाली. पण कारपार्कमधल्या पहिल्याच हंपवर पुढचं चाक ओंडक्यासारखं आदळलं. ठक.

सरला उतरली आणि एमआरटीकडे चालू लागली.

"अगं, एक रविवार दे," उत्तम मागून म्हणाला.

"दिला. शेवटचा."

पुढच्या शनिवारी नळ्या पुन्हा हॉलमध्ये आल्या. सरला ओट्यापाशी लिंबाचं लोणचं भरत होती. तिनं डोकावून विचारलं, "वर जागा किती ठेवलीत?"

"जागा कशाला?"

"लोणच्याची बरणी तरी कुणी काठोकाठ भरतं का?"

'हे काय लोणचं आहे?' असं उत्तमच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यानं टीव्हीखालचं मॅन्युअल ओढलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: नळी पूर्ण दाबून काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. म्हणजे मोजायची होती ती रिकामी जागा. धक्का बसला की त्या जागेतली हवा दबते, आणि या पठ्ठ्यानं हवेला जागाच ठेवली नव्हती. तो स्वतःवरच मनसोक्त हसला.

मग त्यानं सिरिंजनं तेल ओढायला घेतलं. सरलानं हात धुऊन पट्टी धरली. "अजून थोडं. बस." दोन्ही नळ्या एकसारख्या झाल्याशिवाय तिनं त्याला उठू दिलं नाही.

रविवारी हंपवर गाडी मऊ बसली आणि अलगद उठली. सिग्नलला नाक जरासं झुकून थांबलं. सेरंगूनपर्यंत उत्तमचे कान मागेच होते, पण आवाज आला नाही. प्रबोधनं गाडी दाबून बघितली आणि विचारलं, "कुठला मेकॅनिक गाठलास?"

उत्तमनं तोंड उघडण्याआधी सरला म्हणाली, "आमच्या घरचाच आहे." पांढऱ्या साडीतली ती हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. उत्तमची छाती अभिमानानं भरून आली.

परतताना आंग मो किओ जवळ आलं आणि मागून ठक झालं, अगदी हळू. उत्तमनं गाडीचा वेग कमी केला.

"वाजलं?"

"वाजलं नाही," सरला म्हणाली, "मी टेकवलंय."