रंजनाची काडी

कलमे बांधणारा उत्तम झाडापाशी आला, पण त्याने वर पाहिलेच नाही. लोक आंब्याखाली आले की आधी फळे मोजतात. हा उकिडवा बसला आणि बुंध्याची माती बाजूला करू लागला.

"कलमाच्या काड्या वर हायेत, दादा," रोहिदास म्हणाला. "चांगल्या बघून काढ. सोनीच्या दारात एक तरी कलम जगलं पायजे."

सोनी त्याची नात, सात वर्षांची. मोखाड्याला बापाकडे, सावत्र आईच्या हाताखाली वाढते. तिची आई, म्हणजे रोहिदासची लेक रंजना, आठव्या महिन्याचे पोट घेऊन जव्हारला कलमे बांधायला शिकायला गेली होती. शिकवणारा हाच उत्तम. परत आल्यावर तिने माहेरी, साखरशेतच्या या परसात, कोयीतून उगवलेल्या रोपावर केशरची काडी बांधली. पुढच्या महिन्यात ती बाळंत झाली आणि त्यातच गेली. पोरीला आईचा चेहरा ठाऊक नाही, निदान तिच्या हातचा आंबा तरी दारात असावा, एवढाच रोहिदासचा हट्ट होता. त्यासाठी त्याने करवंदीच्या काट्यांचे कुंपण केले, दर उन्हाळ्यात विहिरीवरून हंडे वाहिले. इतके लाड त्याने स्वतःच्या भाताचेही कधी केले नव्हते. यंदा झाडाला पहिल्यांदा आंबे लागले.

उत्तमने बुंध्यावर वीतभर उंचीवर बोट ठेवले. तिथे एक वाळका खुंट होता आणि त्याच्या सालीत रुतलेली प्लास्टिकची पट्टी. झाड त्या पट्टीच्या खालून वाढलेले होते.

"काका, हिच्या वरची काडी काय झाली?"

"ती होय? बारीक होती, दोनच पानं. खालून मस्त हातभर कोंब आला होता. मंग ती मोडली मी."

"तुम्ही मोडली?"

"नागली लावताना काय करतो? मरतुकडं रोप टाकतो, जोमाचं लावतो. तसंच केलं."

उत्तमने माती पुन्हा बुंध्याशी सारखी केली.

"रंजनाने बांधलेली काडी ती होती, काका. खालचा कोंब कोयीचा, तो खुडत राहायचा असतो. हे झाड रायवळ आहे, केशर नाही."

रोहिदासने पट्टीला हात लावला. "वाळली नव्हती ती," तो म्हणाला. "मोडली तवा आत हिरवी होती."

एकही काडी न काढता, कात्री पिशवीत टाकून उत्तम निघाला. रोहिदास तिथेच बसून राहिला. लेक एकदा गेली ती दैवाने, दुसऱ्यांदा आपल्या हाताने, असे त्याला वाटले, आणि ते कुणी खोडून काढण्यासारखे नव्हते.

तो घरात आला तेव्हा त्याची बायको जयवंती पेंढ्यातले आंबे काढत होती. मोठे मोठे तिने सोनीसाठी टोपलीत ठेवले होते. एक त्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला.

"झाली का कलमं?"

"पाऊस पडल्यावर येतो म्हणाला."

त्याने आंबा चोखला. दातात दोरे अडकले, जीभ आंबली.

"कसा हाय रंजीचा आंबा?"

"गोड हाय."

जयवंतीनेही चोखला. तिचे डोळे क्षणभर मिटले. मग तिने टोपलीतले आंबे एकेक करून पुन्हा पेंढ्यात ठेवले.

"आणखी चार दिस राहू दे," ती म्हणाली. "पिकला नाय अजून."

आंबा देठापर्यंत पिवळा झाला होता. रोहिदासने कोय पांढरी होईपर्यंत चोखली.