गावजावई बिशप

सिरिल अ‍ॅक्रॉइडच्या नर फेरेटचं, म्हणजे मुंगसासारख्या लांबुडक्या पाळीव प्राण्याचं, नाव बिशप. नाव धर्मगुरूचं, पण काम विचाराल तर धर्माशी काडीचा संबंध नाही. फेरेटची मादी वसंतात माजावर येते आणि नराशी गाठ पडल्याशिवाय तिचा माज उतरत नाही. तशीच राहिली तर रक्त आटून मरते बिचारी. पण दरवर्षी पिल्लांची पलटण सांभाळणार कोण? म्हणून सिरिलने बिशपची नसबंदी करून घेतलेली. एप्रिल उजाडला की तो त्याला लाकडी पेटीत घालून घरोघर न्यायचा. एका पिंजऱ्यात मुक्काम झाला की पुढचं घर. यॉर्कशरमधल्या त्या बंद खाणीच्या गावात सशांच्या मागे बिळात सोडायला फेरेट पाळणारे उदंड होते, असा नर मात्र एकच. गावजावईच म्हणा ना! कुणाकडे कोंबडीची कलेजी, कुणाकडे अंडं, नुसती चैन.

"जावयाची बडदास्त बघा," गल्लीच्या टोकाचा वॉल्टर सग्डेन कुरकुरायचा. "मला मात्र घरात कालचा पाव."

"त्याच्याइतके कामाचे व्हा, मग बघू," त्याची बायको आतून म्हणायची.

फेरीतलं शेवटचं घर डोरीनचं. डोरीन म्हणजे सिरिलच्या जिवलग मित्राची, विल्फची विधवा. विल्फ गेला तेव्हा मागे राहिला त्याचा भलामोठा कोट आणि टॉफी नावाची फेरेट. टॉफीला कोटाच्या आतल्या खिशात घालूनच तो रानात जायचा. आता डोरीनच्या घरात विल्फचं म्हणून जे काही जिवंत होतं, ते टॉफीच. डोरीन दिवसभर तिच्याशी बोलायची, म्हणजे तिच्यावर ओरडायची. विल्फशीही तशीच बोलायची.

सिरिलची गोष्ट आणखी गमतीची. एरवी फाटकावरूनच हवापाण्याच्या गप्पा. वर्षातून एकदा, बिशपच्या निमित्ताने, तो डोरीनच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचा. त्या दिवशी सदऱ्याला इस्त्री व्हायची. आपलं गुपित कुणाला कळलेलं नाही असा त्याचा समज होता, आणि अख्खं गाव तो समज जपत होतं.

त्या वर्षी इस्त्रीचा सदरा घालून तो डोरीनच्या फाटकाशी पोचला आणि पेटीतून शिंक आली. मग दुसरी. झाकण उघडून बघतो तर बिशपचे डोळे पाणावलेले. माणसाची सर्दी फेरेटला लागते हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं, आणि सिरिल नुकताच सर्दीतून उठलेला.

दार उघडं होतं. आल्याच्या केकचा वास येत होता.

"आत ये की! फाटकावर पहारेकरी नेमलंय का तुला?"

"बिशप शिंकतोय गं. माझी सर्दी लागली वाटतं."

"मग नाक गळत असताना त्याचे मुके कशाला घेतलेस?"

"मी कुठे मुके घेतो?"

"गाव आंधळं नाही, सिरिल."

पेटी पायरीवर ठेवून आपण तेवढे आत जावं, असं त्याला फार वाटलं. पण हात बिशपच्याच अंगावरून फिरलेले. टॉफीला काही झालं तर? तो मागे वळला.

"वा रे वा! केक काय शेजारच्या मांजराला घालू?" डोरीनने धाडकन दार लावलं.

ती सर्दी नव्हतीच. बिशपच्या हनुवटीवर पुरळ उठलं, डोळे चिकटले, तळवे कडक झाले. गुरांच्या डॉक्टरने बघताक्षणी मान हलवली. डिस्टेंपर, कुत्र्यांकडून लागणारा जीवघेणा साथीचा रोग! वॉल्टरने बाजारातून कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं, नाक गळणारं. बिशपचा पहिला मुक्काम तिथेच पडला होता. पुढे जावयाने घरोघरी रोग वाटला, बिचाऱ्याला काय ठाऊक! तो सिरिलच्या मांडीवरच गेला. मागोमाग सिरिलच्या दोन्ही माद्या गेल्या, मग गल्लीतले पिंजरे एकेक करून रिकामे झाले.

"तुझ्या बिशपने आणलं हे," वॉल्टर म्हणाला. पिल्लू कुणी आणलं, हा विषय सिरिलने काढला नाही. वॉल्टरचीही फेरेट गेली होती, वर कशाला मीठ चोळायचं?

सिरिल घराबाहेर पडेना. कपड्यांतून, बुटांतून रोग जातो म्हणे. मनात एकच घोर, टॉफीचा. रोगातून वाचली असेल, तरी माजाचं काय? बिशप तर खड्ड्यात. विचारायला जायची मात्र हिंमत होत नव्हती.

साथ ओसरल्यावर एक दिवस डोरीनच त्याच्या फाटकाशी आली, काखेत गाठोडं.

"आत येऊ नकोस!" सिरिल खिडकीतून ओरडला.

"कोण येतंय? तुझ्या घराला काय सोनं लागलंय?"

"टॉफी?"

"खातेय, चावतेय. डॉक्टरने सुई टोचली, माज उतरला. लसही दिलीय."

सिरिलने खिडकीची चौकट घट्ट धरली. "बरं झालं. म्हणजे आता बिशपची गरज नाही."

"नाहीच." डोरीनचा आवाज जरा खाली आला. "त्या दिवशी तू आत आला असतास तर मीही खड्डा खणत बसले असते. आणि मी तुझ्या तोंडावर दार आपटलं."

"त्यात काय, नेहमीच आपटतेस."

"आता चहाला यायला निमित्त कुठलं शोधणार?"

 "माझ्या कपड्यांना रोग असेल," तो पुटपुटला.

गाठोडं फाटकावरून आत पडलं. "विल्फचे आहेत. तुझे टाक उकळत्या पाण्यात. अंग घासून धू, वर्षाची कसर काढ. मग ये. डॉक्टरला विचारून आलेय मी."

कातडी लाल होईस्तोवर अंग घासून, विल्फचा कोट चढवून सिरिल गेला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. टॉफीने कोट हुंगला, त्याच्या मांडीवर चढली आणि सरळ आतल्या खिशात शिरून गोल होऊन बसली.

"बघ, आयत्या बिळावर नागोबा," डोरीन म्हणाली खरी, पण डोळ्यांना लावायला पदर नसल्याने तिला ओट्यावरचं फडकं घ्यावं लागलं.

खिशाची ऊब सिरिलच्या छातीला लागली आणि त्याला बिशपची आठवण येऊन रडूच फुटलं. एवढा मोठा माणूस, मुसमुसून रडला. डोरीनने त्याला पहिल्यांदाच चिडवलं नाही. केकचा मोठा तुकडा कापून तिने त्याच्यापुढे सरकवला.