नातवाचं ताट

गरोदर बाईनं काय खावं हे सांगायला आमचे डॉक्टर उभे राहिले की मला जांभया यायच्या. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि जानेफळला दवाखान्यात मी नर्स होते. डॉक्टर भिंतीवरच्या रंगीत तक्त्याला छडी लावून ओरडायचे, "प्रथिने! लोह!" समोरच्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. दूध-अंड्यांची चित्रं त्यांनाही दिसत होती हो. पण घरात सगळ्यांची जेवणं होऊन त्यांची पाळी येईतो पातेलं खरवडायचं तेवढं उरलेलं असायचं. ते काही तक्त्यावर नव्हतं.

कोकिळा त्यातलीच. चौथा महिना लागलेला, आणि विहिरीवरून घागर आणताना चक्कर येऊन पडली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपणही सासरीच व्हायचं होतं. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली, आत पांढरंफटक. ही अशीच राहिली तर बाळंतपणात हिचं काही खरं नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी तडक तिच्या घरी गेले.

घर खाऊनपिऊन सुखी, दारात दुभती म्हैस. सासू वच्छलाबाई कजाग नव्हत्या, पण रीत म्हणजे रीत. आधी सासरे उत्तमराव आणि कोकिळाचा नवरा दयाराम, मग त्या स्वतः, शेवटी सून.

"तिला आधी वाढा," मी म्हणाले. "वरण, दूध, पालेभाजी, पोटभर."

"काऊन? म्याबी शेवटीच खाल्लं. मेली का मी?"

माझं डोकं फिरलं. "बरं, नका वाढू सुनेला. ती परक्याची पोर! पण तुमचा नातू आत उपाशी बसलाय त्याचं काय? बाहेर बाप्ये ताव मारतात आणि तो बिचारा वाट बघत बसतो."

भाकर थापता थापता वच्छलाबाई थांबल्या. "तो आत्तापासूनच जेवते?"

"मग काय, नऊ महिने उपास धरतो?"

हे त्यांना पटलं. इतकं पटलं की गावभर चर्चा झाली. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पहिलं ताट नातवाचं. ठेवायचं कोकिळापुढे, बोलायचं मात्र पोटाशी. "घे राजा, अंबाडीची भाजी हाय. तुह्या आजोबाले अजून नाही वाढली." आजोबा हात धुऊन पाटावर ताटकळत. दुधावरची सायही आत जायला लागली तेव्हा उत्तमराव कुरकुरले, "बाहेरच्या मानसालेबी काई हाय का नाही?"

"तुमी जनमभर खाऊनच राह्यले. त्याले जेवू द्या."

कोकिळाही कच्च्या गुरूची चेली नव्हती. महिनाभरात तिला पोटातली भाषा समजायला लागली. "आत्याबाई, तो शेंगदान्याचा लाडू मागून राह्यला." लाडू हजर. "आत्याबाई, तो म्हनते, घागर लय जड होते." घागर दयारामच्या खांद्यावर गेली आणि विहिरीवरच्या बायांची करमणूक झाली.

कोकिळाच्या गालांवर रंग चढला. इकडे माझी झोप मात्र उडाली. नातू हा शब्द मी रागाच्या भरात काढलेला. मुलगी झाली तर? ताट त्याच दिवशी उचललं जाणार, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक तर आणखीच वाढलेली असते.

आणि मुलगीच झाली. चांगली टणटणीत, घर डोक्यावर घेणारी. बाळंतपण घरीच, माझ्याच हातून; कोकिळाही सुखरूप. वच्छलाबाईंनी पोरीचं तोंड पाहिलं आणि त्या चुलीपुढे जाऊन बसल्या. कोकिळानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

उत्तमराव मात्र खुशीत पाटावर येऊन बसले. "चाल, वाढ. नातू तं आला नाही. आता पह्यलं ताट माहं."

मी तोंड उघडणार तोच वच्छलाबाई उठल्या. हातात शिऱ्याचं ताट, वर तुपाची धार. त्या उत्तमरावांच्या पाटाजवळून सरळ पुढे, कोकिळाच्या खाटेकडे निघाल्या.

"अवो, इकडं!" उत्तमराव म्हणाले.

"इकडं काऊन?" त्या कडाडल्या. "मी रोज ज्याच्यासंगं बोलली, ज्याले जेवू घातलं, ते हेच होतं नं आत? का दुसरं कोनी होतं?" त्यांनी पोरीकडे बोट केलं. "पोट्टा होताच कुठं? माह्या हातचं सारं हिनंच खाल्लं."

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वच्छलाबाई खाटेवर टेकल्या. इतके महिने पोटाशी बोलण्यात गेले होते, आता तिथं बोलायला कोणी नव्हतं. त्या जरा अडखळल्या. मग त्यांनी कोकिळाची हनुवटी धरून तिचं तोंड भिंतीकडून आपल्याकडे वळवलं.

"जेव माय," त्या म्हणाल्या. "तू जेव."