वाट पाहण्याचा रकाना

पगाराचा नवा प्रोग्राम बसवायला कॅसाब्लांकाहून आलेला अन्वर दिवसभर मला एकच प्रश्न विचारायचा. "लल्ला बहिजा, हा रिपोर्ट कोण वाचतं?" आमच्याकडे बाईला मानाने लल्ला म्हणतात आणि पुरुषाला सी.

आसफी बंदरातल्या आमच्या कारखान्यात तारल्या डबाबंद होतात आणि दोनशे बायकांचा पगार मी काढते, सव्वीस वर्षं. जुन्या प्रोग्राममधून महिन्याला एकतीस रिपोर्ट निघत. अन्वर एकेकाचं नाव घ्यायचा. साहेब वाचतात असं मी म्हटलं की ठेवायचा, कोणी नाही म्हटलं की काट मारायचा. पोरगा हुशार होता, पण मला तो उंटावरचा शहाणा वाटायचा. तारली त्याने फक्त डब्यात पाहिलेली.

सतराव्या रिपोर्टचं नाव होतं 'वाट'. चाळीस पानांचा. माझ्याआधी इथे पगार काढणाऱ्या सी मक्कींनी तो सुरू केलेला. फाटकावरच्या वहीत कोण किती वाजता आत आली ते रखवालदार लिहायचा, आणि मासे टेबलावर पडेपर्यंत ती किती तास बसून होती ते मी दर महिन्याला दोन दुपारी मान मोडून मशीनमध्ये भरायचे. मग चाळीस पानं छापायची, शिवायची आणि कपाटात टाकायची.

"हा कोण वाचतं?"

"भिंतीतली वाळवी," मी म्हटलं. "मार काट."

त्याने काट मारली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी त्या दिवशी त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

पहिल्या महिन्यात जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवून पाहिले. जुन्यात मी वहीतले तास नेहमीसारखे भरले. आमच्याकडे पगार क्रेटवर मिळतो. जेवढ्या क्रेट मासे साफ केले, तेवढे पैसे. दोन्हीकडची रक्कम सेंटिमापर्यंत जुळली. साहेबांनी बदामाची बिस्किटं मागवली. महिनाअखेरीला जुनं मशीन कायमचं बंद करायचं ठरलं.

पगाराच्या दिवशी माझ्या खिडकीशी लल्ला घन्नू आली. चौतीस वर्षं तारल्यांची डोकी उडवून तिची बोटं वाकडी झालीत. तिला लिहिता वाचता येत नाही, पण वर्षभर ती दर पगाराला पैसे मोजायच्या आधी एकच गोष्ट विचारायची.

"किती उरले गं?"

पेन्शनसाठी ठरलेले दिवस भरावे लागतात. भरले तर मरेपर्यंत पेन्शन, एक जरी कमी पडला तर काही नाही. मागच्या महिन्यात तिचे बावीस उरले होते. आणि वेळ फार नव्हता. हिवाळ्यात दोन महिने होड्या बांधून ठेवतात, मासळीला वाढू देतात. होड्या पुन्हा सुटल्या की साठी ओलांडलेल्या बाईला आमच्याकडून बोलावणं जात नाही. घन्नूची साठी झाली होती. हातात आता पुढचा एकच महिना होता.

मी स्क्रीनवर पाहिलं. "पंधरा, लल्ला."

"सहा."

"पंधरा लिहिलंय."

"पोरी, मी सोळा दिवस आले. बाविसातून सोळा गेले की सहा उरतात. शाळेत गेलीस ना तू?"

"मशीनने सात दिवस धरलेत. मशीन चुकत नाही."

ती भांडली नाही. अंगणातल्या लांब सिमेंटच्या बाकाकडे तिने हात केला. मासे येईपर्यंत बायका तिथेच बसतात.

"आणि मी त्या बाकावर बसले होते ते? ते काय घरी बसणं होतं? तुमचा फोन आला म्हणून पहाटे चार मैल चालत आले. होडी दुपारी आली, त्यात माझा दोष?"

मी खिडकी लावून घेतली आणि जुन्या मशीनवर तिचं नाव काढलं. तिथे सोळा होते.

सी मक्की आता बंदराच्या कॉफीच्या दुकानात पत्ते खेळत बसतात. मी जाऊन उभी राहिले तशी त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय मोडलंस?"

मी सांगितलं. त्यांनी पत्ते पालथे ठेवले.

"बहिजा, तो कागद वाचायला नव्हताच. बाकावरचे तास आणि टेबलावरचे तास मशीन एकत्र करायचं, आठाने भागायचं, आणि पेन्शनच्या दफ्तराला दिवस कळवायचं. छपाई हे त्याचं शेपूट. तुम्ही शेपटासकट जनावर कापलंत."

"मला कधी सांगितलं का नाहीत?"

"सव्वीस वर्षं तू हाताने भरत होतीस. कशाला भरतेय, ते विचारलंस कधी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो राग घेऊन मी अन्वरकडे गेले.

त्याने मान हलवली. "रिपोर्टांची यादी बंद झालीय, लल्ला बहिजा. एक रकाना वाढवायचा तरी साहेबांना कारण द्यावं लागेल. बसून राहणं हे काम नाही, असं ते म्हणतील."

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार?"

"मग उद्या सकाळी सातला ये. लॅपटॉप नको आणूस."

दुसऱ्या दिवशी मी त्याला बाकावर नेऊन बसवलं. बायकांना आयतं गिऱ्हाईक मिळालं.

"कॅसाब्लांकाला बायका संपल्या वाटतं, इथे बघायला आलाय!"

"बूट बघा. वास लागला की आई घरात घेणार नाही."

"गप्प बसा गं, भुकेलाय तो," म्हणून घन्नूने त्याला अर्धी भाकरी आणि ऑलिव्ह तेलाची वाटी दिली. नऊ वाजले, अकरा वाजले. अन्वर दोनदा उठला. दोन्ही वेळा घन्नूने त्याची बाही धरून खाली बसवलं. "जाऊ नकोस पोरा. तू हललास की होडी येते आणि तुझं टेबल दुसरी घेते."

होडी अडीचला आली. तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा पाठ धरूनच.

"साडेसात तास," तो म्हणाला. "आणि पगार?"

"क्रेट किती साफ केल्यास?"

तो हसला नाही. तसाच साहेबांच्या खोलीत गेला. आत काय झालं मला माहीत नाही, आवाज मात्र दोघांचेही येत होते. बाहेर आला तेव्हा एक रकाना मंजूर होता. रखवालदाराची वही गेली, माझ्या दोन दुपारी वाचल्या. फाटकावर कार्ड लावायचं, आत येताना आणि बाहेर जाताना. चाळीस पानांच्या जागी प्रत्येकीच्या पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ आली, वाट पाहिली, इतके तास. हे मी कबूल करते की जुन्यापेक्षा ते चांगलं होतं. त्याला मात्र बोलून दाखवलं नाही.

घन्नूचे सोळा दिवस परत आले. उरले सहा. मासळी त्या महिन्यात रुसलेलीच होती. तरी पाच भरले.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी सहाव्यासाठी ती पहाटेच आली. समुद्र खवळलेला. मी दिवसभर खिडकीतून बघत होते, काम सुचत नव्हतं. एकेक बाई कंटाळून घरी गेली. चार वाजता होड्या आल्या, सगळ्या रिकाम्या. एक तारली नाही. बाकावर घन्नू एकटी होती, मांडीवर स्वच्छ सुरी घेऊन.

मी हिशेब चालवला. स्क्रीनवर तिच्या नावापुढे लाल चौकट आली. काम शून्य, वाट पाहिली नऊ तास. ही नोंद चुकीची दिसते, काढून टाकायची का?

मी 'नाही' दाबलं. मशीनने पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं, जरा जोरातच.

मग बाहेर गेले. घन्नूने मान वर केली.

"किती उरले गं?"

"काही नाही उरलं, लल्ला. भरले."

सुरी फडक्यात गुंडाळून तिने टोपलीत ठेवली. मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही.

"अंधार पडेल, घरी नाही जायचं?"

"जाईन की," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकून तिने पाय लांब केले. "चौतीस वर्षं या बाकावर मासळीसाठी बसले. आता जरा माझी मी बसते. हे नको लिहूस."