तीन सेकंद जास्त

समजा, रविवारची संध्याकाळ आहे. आठ वाजलेत. बाहेर वारा सुटलाय आणि गावातल्या एकूण एक घरात टीव्ही लागलाय. तुम्ही आजोबांना चिकटून सोफ्यावर बसला आहात, आणि टीव्हीवरही तेच आजोबा आहेत. टीव्हीतले आजोबा हातात ओला दोर घेऊन पाण्याकडे बघतात. बघतात, बघतात, बघतच राहतात. पुढच्या दृश्यात त्याच पाण्यात एक माणूस मरून पडलेला सापडतो. तुम्ही हळूच शेजारी बघता. शेजारचे आजोबा कॉफीत बिस्किट बुडवताहेत आणि ते तुटून पडू नये म्हणून श्वास रोखून बसलेत.

आता सांगा, तुम्ही काय कराल?

टिल्डे नऊ वर्षांची होती. ती सोफ्यावर वीतभर लांब सरकली. मग तिची तिलाच लाज वाटली आणि ती परत वीतभर जवळ आली.

"आजोबा, तो खून तू केलास?"

"सांगता येत नाही," प्रेबेन आजोबा म्हणाले. "सही केलीय."

प्रेबेन आजोबा नॉर्रेवीगच्या खाडीवर फेरीबोट चालवत. पलीकडचा काठ सात मिनिटांवर, आणि तेवढ्या वेळात आजोबांच्या दीड गोष्टी होत. राहिलेली अर्धी ऐकायला काही माणसं काम नसतानाही परतीची बोट धरत. असा हा बोलका माणूस टीव्हीवर मुका कसा झाला, ती एक गंमतच आहे.

'करडं पाणी' या मालिकेची मंडळी गावात आली ती मे महिन्यात. त्यांना हवा होता नोव्हेंबर: धुकं, चिखल, तोंड वाकडं केलेलं आभाळ. पण त्या वर्षी मेमध्ये असं लख्ख ऊन पडलं की दिग्दर्शक वर बघून दातओठ खाई. शेवटी अग्निशमन दलाचा बंब मागवला. एका बाजूला अर्ध्या चड्डीतले गावकरी आइस्क्रीम खाताहेत, आणि दुसऱ्या बाजूला पोलीस झालेली नटी रेनकोट घालून बंबाच्या पावसात कुडकुडतेय, असं आठवडाभर चाललं. त्यात बोटवाल्याच्या कामासाठी घेतलेल्या आजोबांना एकच वाक्य होतं: "बाई, टोपी सांभाळा." ते ऐन वेळी विसरले. आठवेल म्हणून ते कॅमेऱ्याकडे बघत राहिले. दिग्दर्शकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. "हाच! हाच माणूस मला हवा होता!" तो ओरडला. तेव्हापासून आजोबांना प्रत्येक भागात न बोलण्याचं काम मिळालं.

या मालिकेत प्रत्येक नटाला फक्त त्याची पानं मिळत. खुनी कोण हे कुणालाच कळू द्यायचं नाही, आणि काहीही, अगदी काहीही बाहेर बोलायचं नाही, अशा कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या. पहिले भाग टीव्हीवर दिसू लागले तेव्हा शेवटचे अजून लिहायचेच होते. आणि आजोबा सही म्हणजे सही मानणारे.

पाचवा भाग झाल्यावर बेकरीत आजोबा शिरले की गप्पा थांबू लागल्या. सहाव्यानंतर बोटीवरच्या बायका त्यांच्या हातची कॉफी नको म्हणून थर्मास घेऊन यायला लागल्या. सातव्यानंतर इंगेलिसे घरी आली, हातात केक घेऊन.

इंगेलिसे गावातल्या नाताळ समितीची अध्यक्ष. वाईट बातमी सांगायला जाताना ती केक नेई, आणि बातमी जितकी वाईट तितका केक मोठा. हा तर दोन्ही हातांत मावत नव्हता.

"प्रेबेन," ती म्हणाली, "बावीस वर्षं तू चौकातल्या झाडापाशी नाताळबाबा झालास. यंदा म्हटलं, तुला जरा विश्रांती द्यावी."

"मी कुठे दमलोय?"

"तुझे गुडघे..."

"गुडघे ठणठणीत आहेत. दुखतात ते दंतवैद्य थोर्किलचे."

"यंदा थोर्किलच होणार आहे."

"थोर्किल? अगं, त्याच्यापुढे कुठलं पोर तोंड उघडेल?"

इंगेलिसेने उसासा टाकला. "स्पष्टच सांगते. पोरं घाबरतात रे तुला. आयाही घाबरतात. तू नुसतं एवढं म्हण, 'खुनी मी नाही.' की झालं!"

आजोबांनी तोंड उघडलं. मिटलं. "सही केलीय."

"बरं," इंगेलिसे म्हणाली आणि केक कापायची सुरी हलकेच स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.

ती गेल्यावर आजोबांनी कपाटातला लाल कोट काढला, ब्रशने झाडला, पुन्हा घडी करून ठेवला. त्या आठवड्यात बोटीवर त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. सात मिनिटं नुसता इंजिनाचा आवाज. टिल्डेला ते सहन होईना. लाल कोट आजोबांच्या अंगावर आला पाहिजे, बस्स.

ती तडक मेरेटेकडे गेली. मेरेटे म्हणजे मालिकेची लेखिका. बंदरावरच्या मासळीच्या जुन्या गोदामात ती लिहीत बसे. भिंतभर चिठ्ठ्या, आणि खोलीला अजून हेरिंग माशांचा वास.

"मेरेटे, माझे आजोबा खुनी आहेत का?"

"त्यांना विचार."

"ते सांगत नाहीत."

"कारण त्यांना माहीतच नाही!" मेरेटे हसली. "आणि 'माहीत नाही' हेसुद्धा सांगायचं नाही, असं कागदात आहे."

"मग तुला तरी माहीत आहे ना?"

मेरेटेने भिंतीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग कॉफीच्या रिकाम्या कपात. "मंगळवारपर्यंत कळायला हवं," ती पुटपुटली. एवढं बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने खणातून एक कागद काढला. "आता तूही सही कर."

टिल्डेने पेन्सिलीने मोठ्या अक्षरात सही केली. म्हणजे आता तिलाही बोलता येणार नव्हतं.

"पण सगळ्यांना तेच का वाटतात?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

मेरेटेने तिला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर आजोबा पाण्याकडे बघत होते. दोन सेकंदांत तिने चित्र तोडलं. "कोण दिसलं?"

"भूक लागलेले आजोबा."

"आता बघ." तेच चित्र तिने तीन सेकंद जास्त ठेवलं आणि खाली सेलोचा एक जाड, घुमणारा सूर सोडला.

टिल्डे खुर्चीसकट मागे सरकली. "खुनी!"

"चेहरा तोच आहे, बाळ. तीन सेकंद मी वाढवले. बाकीचं तू केलंस."

"पण लोकांना हे आवडतं का इतकं?"

"शेजाऱ्याकडे टक लावून बघणं वाईट दिसतं ना? रविवारी आठ ते नऊ ते चालतं."

टिल्डेने जरा विचार केला. मग आईचा फोन मागून घेतला. चार दिवस ती गावभर फिरली. शाळेचा प्रकल्प म्हटलं की मोठी माणसं काही विचारत नाहीत.

गुरुवारी शाळेच्या सभागृहात समितीची बैठक होती, गावातल्या सगळ्या मोठ्यांसाठी. कॉफी, मेणबत्त्या, आणि आप्प्यांसारखे गोल गरम एबलस्किव्हर. टिल्डे पडद्याशेजारी सेलो घेऊन बसली. संगीतवर्गात ती दोनच सूर शिकली होती. तिला एकच लागणार होता.

पडद्यावर पहिली आली इंगेलिसे. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर ती लिव्हरची पेस्ट फासत होती. थांबली. घड्याळाकडे बघितलं. सुरी हातातच. एक... दोन... तीन. घुंऽऽऽ, सेलो वाजला.

सभागृह हसून लोळलं. "मी बसची वेळ बघत होते!" इंगेलिसे ओरडली.

"तुला कुणी काही विचारलंय का, इंगेलिसे?" मागून थोर्किल म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर थोर्किल आला. तो हात धूत होता. बोटं एकेक करून, सावकाश. घुंऽऽऽ. थोर्किलला एकदम खोकला आला. मग पाद्री लार्स-ओले आले. त्यांनी लाकडाच्या खोपटाचं दार लावलं आणि मागे वळून बघितलं. घुंऽऽऽ. दुसऱ्याच्या वेळी हसू आणि स्वतःच्या वेळी खोकला, असं शेवटपर्यंत चाललं.

दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेत प्रेबेन आजोबा डोळे पुसत होते. हसून की कशाने, कोण जाणे.

"ठीक आहे," इंगेलिसे लाल होऊन म्हणाली. "इथे सगळेच खुनी असतील, तर निदान ज्याचे गुडघे बरे आहेत त्याला नाताळबाबा करू."

रविवारी दुपारी चौकातल्या झाडावरचे दिवे लागले. लाल कोट, पांढरी दाढी, खांद्यावर संत्र्यांची गोणी, अशा थाटात नाताळबाबा आले. आया हसल्या, टाळ्या झाल्या. पण मुलं मात्र पुढे येईनात. त्यांनी ना बैठक पाहिली होती ना सेलो ऐकला होता. त्यांनी पाहिली होती फक्त मालिका.

शेवटी चार वर्षांचा व्हिल्लाड्स आईच्या कोटामागून डोकावला. "तू त्या माणसाला मारलंस?"

"नाही" म्हणावं, तर ते खोटं ठरू शकत होतं. "माहीत नाही" म्हणावं, तर सही मोडत होती. आजोबांची दाढी हलली, पण शब्द आला नाही, आणि ते नुसतेच बघत राहिले. एक सेकंद. दोन.

टिल्डेने तिसरा होऊ दिला नाही. ती धावत पुढे गेली, तिने आजोबांचा हातमोज्यातला हात पकडला, दुसरा हात व्हिल्लाड्सपुढे केला, आणि झाडाभोवती फेर धरायचं गाणं एकटीनेच, चुकीच्या सुरात, जोरात म्हणायला सुरुवात केली.