मावशीच्या वाटची माफी

राखेच्या बुधवारी आमच्या चर्चमध्ये ड्रम बंद होतात. कपाळावर राखेचा क्रूस घ्यायचा, मिस्सा संपली की ड्रम आणि झांजा एकेक करून मागच्या खोलीत नेऊन ठेवायच्या, वर जुनी चादर टाकायची आणि ईस्टरपर्यंत हात बांधून बसायचं. चाळीस दिवस फक्त कीबोर्ड, तोही गाण्याला टेकू देण्यापुरता. कॉयरमधल्या पोरी चिडवतात, "एरॉल अंकलला सुट्टी लागली." त्यांना काय माहीत. ड्रमवाल्याची खरी सोय ही की त्याला गावं लागत नाही. 'आमच्या अपराधांची क्षमा कर' असं सगळे डोळे मिटून गातात तेव्हा मी झांजेवर हलकेच काठी फिरवतो आणि तोंड बंद ठेवतो. कोणाच्या लक्षात येत नाही. उपवासकाळात मात्र मला सगळ्यांसारखं उभं राहून तोंड उघडावं लागतं, आणि शेजारी कीबोर्डवर बेटी असते.

बेटी म्हणजे कॅल्विनची बायको, शाळेत शिकवते. कॅल्विन माझा मित्र. पाच वर्षांपूर्वी तो मेला, आणि माझ्यामुळे मेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्टी पुढे ढकलायची सवय आहे आणि पुढचं सगळं त्या सवयीनेच झालं.

अर्नाळ्याला एका बाप्तिस्म्याचं जेवण होतं. कॅल्विनने नवी स्कूटर घेतली होती, तिला पंधरा दिवसही झाले नव्हते. तो अर्धा ग्लास घेऊन थांबला. मी थांबलो नाही. दुपारी चारच्या सुमारास निघताना चावी मीच त्याच्या हातातून ओढून घेतली. तो म्हणाला, "दे ना एरॉल, तुला झालीय." मी म्हटलं, "गप मागे बस. तुझ्या स्पीडने गेलो तर घरी पोचेपर्यंत ख्रिसमस येईल." तो हसला आणि मागे बसला. कॅल्विनला भांडता येत नसे, हा त्याचा एकच दोष. राजोडीच्या अलीकडे सुरूच्या झाडांपाशी एक वळण आहे. मी तिथून रोज जायचो, डोळे मिटून जाईन म्हणायचो.

शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या पायात सळई घातलेली होती. हवालदाराने विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" स्कूटर कॅल्विनच्या नावावर. कॅल्विन उठून बोलणार नव्हता. मी म्हटलं, "कॅल्विन." मी बोललो तो एवढाच शब्द. बाकीची सगळी गोष्ट लोकांनी रचली.

चौथ्या दिवशी कॅल्विनची आई, पॉलिनमावशी, माझ्या खाटेपाशी आली. बेटी मागे दारात उभी. मावशीने माझ्या मोडक्या पायापुढे हात जोडले आणि म्हणाली, "पोरा, माज्या कॅल्विनला माप कर. दारू पिऊन गाडी चालवली त्याने. तुजा पाय गेला." ती रडत नव्हती. सत्तरीची बाई, उभं आयुष्य केळीच्या वाडीत राबलेली, कोणापुढे मान न वाकवणारी. त्या वेळी मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी लाख वेळा मांडला आहे. मी म्हटलं, "माफ केलं, मावशी."

पुढची गंमत ऐका. महिनाभराने फादरनी प्रवचनात हीच गोष्ट सांगितली. कृपा म्हणजे काय ते आपल्या एरॉलने दाखवलं, म्हणाले. ज्याने आपलं वाईट केलं त्याला लायकी न बघता माफ करणं म्हणजे कृपा. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या, आमच्या चर्चमध्ये प्रवचनाला टाळ्या पडत नाहीत तरी. मी कुबड्या घेऊन पहिल्या बाकावर बसलो होतो. खाली मान घालून बसलो म्हणून लोकांना मी नम्रही वाटलो.

मावशीने मला मुलगाच मानलं. रविवारी मिस्सा झाली की ती पदराआडून डबा काढायची. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मी खात होतो, आणि चव लागत होती, हे सांगायला लाज वाटते. माझ्या पायासाठी तिने मिस्सा वाहिल्या. स्वतःच्या मुलाच्या नावाने एकही नाही. दोन नोव्हेंबरला सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावतं, तेव्हा बेटी कॅल्विनच्या कबरीवर जायची आणि ही सिमेट्रीच्या फाटकाशी उभी राहायची. कोणी हात धरला तर म्हणायची, "दुसऱ्याच्या पोराला मारायला निगालेला तो. त्याच्याजवल मी जानार नाय." तिच्या घरातून कॅल्विनचा लग्नातला फोटोसुद्धा गेला. बेटीने तो आपल्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवला.

आमच्याकडे अशा वेळी माणूस काय करतो, तर कुमसाराला जातो, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला. पण आमच्या फादरना माझा आवाज माहीत, आणि चोराच्या मनात चांदणं. म्हणून मी शेजारच्या गावच्या चर्चमध्ये गेलो. तिथल्या फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देव क्षमा करतो. पण त्या आईला सांग." मला पहिलं वाक्य आवडलं, दुसरं नाही. डॉक्टरने न आवडणारं पथ्य सांगितलं की माणूस डॉक्टर बदलतो, तसा मी पुढच्या वर्षी दुसऱ्या चर्चमध्ये गेलो. तिथे एक वयस्कर फादर होते, त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी तीन रोझरी म्हणायला सांगितल्या. मला वाटलं सुटलो. पाच दिवस झोप लागली, सहाव्या दिवशी रविवार आला आणि मावशीने डबा काढला. तिसऱ्या वर्षी नालासोपाऱ्याला एक तरुण फादर भेटले. ते जाळीपलीकडून म्हणाले, "तुम्ही क्षमा मागायला आलात की सांगावं लागू नये म्हणून आलात?" मी उठून बाहेर आलो. त्यानंतर कुठे गेलो नाही.

कृपा लायकी नसताना मिळते, हे मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं आहे. छान आहे. पण मावशी मला जे देत होती ते कृपाच होतं का? ती देत होती एका चांगल्या माणसाला, जो जगात नव्हताच. मी त्याच्या नावाने हात पुढे करून घेत होतो. आणि ज्याला खरं द्यायला हवं होतं तो तीन हात मातीखाली, आईच्या रागात पडला होता.

यंदा उपवासकाळ सुरू झाला आणि मावशीने अंथरूण धरलं. मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली की मी तिच्याकडे जाऊन बसायचो. झावळ्यांच्या रविवाराआधीच्या शुक्रवारी मी ठरवूनच गेलो. वाक्य पाठ केलं होतं. घरी आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं.

"मावशी, एक सांगायचंय."

"सांग."

तिने माझ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. हात सुकलेला होता आणि गरम होता. "दुकते का रे अजून?"

"नाही."

"कॅल्विनने तुजं लय वाईट केलं," ती म्हणाली. "देव त्याला इचारील."

एवढं दार उघडं होतं. नुसतं 'नाही मावशी' म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही आधी बऱ्या व्हा. ईस्टर झाला की बोलू." आजारी बाईला कशाला धक्का द्या, असं मी घरी येताना स्वतःला समजावलं. माझ्याइतका दयाळू माणूस वसईत शोधून सापडायचा नाही.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी दुपारी मावशी गेली. घंटा वाजली तेव्हा मी एका बिल्डिंगमध्ये शिडीवर चढून वायर ओढत होतो. पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि बायकांनी रोझरी सुरू केली होती. पवित्र गुरुवारी मयताची मिस्सा होत नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी नुसती प्रार्थना आणि दफन. गाणं नाही, काही नाही.

बेटीने मला खूण केली आणि घरामागे विहिरीपाशी नेलं.

"एरॉल, मला एक समजत नाहीये. तूच सांग," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "आई काल रात्री शुद्धीत होत्या. म्हणाल्या, मला कॅल्विनच्या कबरीत ठेवू नका. रांगेतल्या साध्या कबरीत ठेवा, कुठेही, पण त्याच्याजवळ नको. माझ्याकडून वचन घेतलं. आता कबर खणणारा विचारतोय कुठली उघडू. वचन मोडू का? ज्याचं नुकसान झालं तो तू. तू म्हणालास की ठेव, तर मला धीर येईल."

इथेही खोटं बोलता आलं असतं, अगदी सोपं होतं. 'मी कधीच माफ केलंय, ठेव त्याच्याजवळ' म्हटलं असतं तर आई-मुलगा एकत्र आले असते, बेटीने माझे हात धरले असते, आणि माझी झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मग का कोण जाणे, ते आलं नाही.

"गाडी मी चालवत होतो," मी म्हटलं.

बेटीला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. चावीचं सांगितलं, अर्ध्या ग्लासाचं सांगितलं, हवालदाराचं सांगितलं. आतून रोझरीचा आवाज येत होता. तिने विहिरीच्या कठड्यावर हात टेकला.

"हे आईंना कधी सांगणार होतास?"

"ईस्टर झाल्यावर."

बेटीने कठड्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "मला एकटीला सांगून सुटू नकोस. उद्या कबरीवर सांग. सगळ्यांसमोर." आणि आत जाऊन कबर खणणाऱ्याला कॅल्विनची कबर उघडायला सांगितली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी सांगितलं. शवपेटी खाली गेली होती, फादरनी पाणी शिंपडलं होतं, लोक मूठभर माती घेऊन उभे होते. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं. मला वाटलं होतं कोणीतरी पुढे येऊन थोबाडीत मारेल. त्यासाठी मी चष्मा काढून खिशात ठेवला होता. कोणी आलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एका म्हाताऱ्याने घसा खाकरला. फादरनी पुस्तक उघडून पुढची प्रार्थना म्हटली आणि लोकांनी माती टाकली. मीही टाकली. कॅल्विनच्या आईवर आणि कॅल्विनवर, एकाच मुठीने.

शनिवारी फादरनी बोलावून घेतलं. म्हणाले, "उद्या सकाळच्या मिस्सेला ड्रमवर बस."

"मी, फादर?"

"कृपा लायक माणसांसाठी नसते, एरॉल. त्यांना तिची काय गरज?"

त्यांनी हे मनापासून म्हटलं. चांगले आहेत फादर. मी ड्रम बाहेर काढले, धूळ पुसली, स्क्रू आवळले. ईस्टरच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. ग्लोरियाचं स्तुतिगीत सुरू झालं की ड्रमने असं उसळायचं असतं की मागच्या बाकावरचं पेंगणारं पोरही उभं राहावं. मी सुरुवात दिली. हात सवयीने चालत होते. माझ्या चुका झाल्या नाहीत. बेटीच्याही नाहीत. एकदाही न बघता तिने प्रत्येक ठोका माझ्याबरोबर घेतला. लोक गात होते, लहान मुलं टाळ्या वाजवत होती, आणि मला काहीही वाटत नव्हतं. रिकामं पिंप कोणीतरी बडवत होतं आणि तो मी होतो.

मिस्सेनंतर लोक एकमेकांना हॅपी ईस्टर करू लागले. मलाही काहींनी मिठी मारली. एकजण म्हणाला, "झालं ते झालं, देवाने माफ केलं." मला त्याचा राग आला. त्याच्या खिशातलं काय गेलं होतं?

बेटी कीबोर्डची वायर गुंडाळत होती. मी जवळ गेलो.

"बेटी, काहीतरी बोल. शिव्या तरी दे."

तिने वायर पिशवीत टाकली, चेन लावली. "माझ्या वाटचं मी बघेन, एरॉल. आज नाही. कधीतरी जमेल बहुतेक, फादर एवढं सांगतात तर." तिचा आवाज वर्गात धडा समजावताना असतो तसा होता. "पण आईंच्या वाटचं माझ्याकडे मागू नकोस. पाच वर्षं त्या पोटच्या पोराचा राग करत जगल्या आणि तशाच गेल्या. त्यांची माफी माझ्याकडे नाही. देवाकडे असेल तर मला माहीत नाही." मग पिशवी खांद्याला लावून म्हणाली, "पुढच्या रविवारी साडेसहाला प्रॅक्टिस आहे," आणि गेली.

मी ड्रमच्या स्टुलावर बसून राहिलो. चर्च रिकामं झालं. सेवेकरी दारं लावायला आला, मला बघून परत गेला. खरं सांगू का, त्या वेळी मला देवाची माफी नको होती आणि बेटीचीही नको होती. मला पॉलिनमावशी हवी होती, तशीच, काहीही न कळलेली, माझ्यावर माया करणारी. ती परत आली असती तर या वेळी मी तिला नक्की सांगितलं असतं, असं मला म्हणायचं आहे. मी पुष्कळदा म्हणूनही बघितलं. मी नसतं सांगितलं.